डीएनएच्या धाग्यावर चार रंग

ठाणे जिल्ह्यात भिवंडीजवळ वळ नावाचे गाव आहे. पूर्णा, राहनाळ, काल्हेर ही त्याच्या आसपासची गावे. भातशेतीच्या या पट्ट्यात आता जिकडे पाहावे तिकडे गोदामे दिसतात. पण भिवंडीचे खरे नाव आहे ते यंत्रमागांसाठी. या मागांवर विणले जाते ते बहुतेक कोरे कापड; धंद्यात त्याला ग्रे कापड म्हणतात. ते पुढे रंगाईला जाते, आणि रंगारी त्याला रंग देतो. रंगाऱ्याच्या मागण्या तुम्हांला ठाऊक असतीलच. रंग धाग्याला पक्का धरला पाहिजे, धुण्यात उतरता कामा नये, उन्हात विटता कामा नये, आणि एका ताग्याची छटा दुसऱ्या ताग्याशी जुळली पाहिजे.

या कापडी रंगांच्या कुळातलेच काही रंग गेली चाळीस वर्षे एका फार वेगळ्या धाग्याला लावले जात आहेत. या धाग्याची जाडी अवघी दोन नॅनोमीटर असते. असे पाच लाख धागे एकमेकांना चिकटवून ठेवले तर कुठे एक मिलिमीटर रुंदी भरेल! हा धागा म्हणजे डीएनए. त्याला रंग लावायचा तो शोभेसाठी नव्हे, तर त्यावरचा मजकूर वाचण्यासाठी. रंगाऱ्याच्या सगळ्या मागण्या येथे असतातच. शिवाय आणखी काही मागण्या असतात, आणि त्यांतल्या काही एकमेकींच्या अगदी विरुद्ध असतात. असा रंग कसा घडवतात, ते आज पाहू या.

त्याआधी हे वाचन किती महत्त्वाचे ठरते, याचे महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. कोरोनाच्या विषाणूचा मजकूर २९,९०३ अक्षरांचा आहे. विषाणूत हा मजकूर आरएनएच्या रूपात असतो. वाचण्यापूर्वी त्याची डीएनएमध्ये नक्कल करतात. २०२१ सालच्या सुरुवातीला महाराष्ट्रात साथीने पुन्हा डोके वर काढले, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांतला हा मजकूर वाचण्यात आला. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या कामात होती. ही संस्था १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झाली आणि १९७८ पासून आजच्या नावाने ओळखली जाते. अनेक नमुन्यांत २२,९१७ व्या जागी ‘टी’ हे अक्षर असायला हवे होते, तेथे ‘जी’ सापडले. या एका अक्षराने विषाणूच्या काट्याच्या प्रथिनातले ४५२ वे अमिनो आम्ल बदलले. ल्यूसिनच्या जागी आर्जिनिन आले. २३,६०४ व्या जागी ‘सी’ जाऊन ‘जी’ आले होते. हे दोन्ही बदल ज्या प्रकारात होते, त्याला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ‘डेल्टा’ हे नाव दिले. त्या प्रकाराने पुढे काय केले, ते तुमच्या घरातली मोठी माणसे सांगतील.

आता प्रश्न असा की, तीस हजार अक्षरांत एक अक्षर बदलले, हे कळले कसे? सूक्ष्मदर्शकातून ‘टी’ किंवा ‘जी’ लिहिलेले काही दिसत नाही. यंत्राला दिसला तो प्रकाशाचा एक ठिपका. त्या ठिपक्याच्या रंगावरून अक्षर ठरले. म्हणजे रंग चुकला की अक्षर चुकले, आणि अक्षर चुकले की नसलेला विषाणू आहे असे वाटणार, किंवा असलेला नजरेतून निसटणार.

रंग आणि उजेड

साधा रंग आणि येथे लागणारा रंग यांत एक मोठा फरक आहे. कापडावरचा लाल रंग पांढऱ्या उजेडातला निळा-हिरवा भाग गिळतो आणि उरलेला परत पाठवतो. डीएनएच्या एका धाग्याला रंगाचा एकच रेणू लावलेला असतो. एका रेणूने, किंवा अशा काही हजार रेणूंनीही, किती उजेड गिळला हे मोजणे म्हणजे भर दुपारी पटांगणातला एक काजवा विझला की नाही हे ओळखण्यासारखे आहे. तेव्हा काजवा दिसायचा तर अंधार हवा, आणि काजव्याने स्वतः चमकायला हवे.

असे स्वतः चमकणारे रंग असतात. निळा किंवा जांभळा प्रकाश त्यांच्यावर टाकला की ते हिरवा, पिवळा किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. या गुणाला अनुस्फुरण म्हणतात. इंग्रजी नाव फ्लुओरेसन्स. हे नाव १८५२ साली जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने फ्लुओरस्पार या खनिजावरून दिले. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी आत गेलेल्या प्रकाशापेक्षा नेहमी जास्त असते, हेही त्याने दाखवले. कारण सोपे आहे. रेणू जेवढी ऊर्जा घेतो, तिच्यातली थोडी आपल्या हालचालीत खर्च करतो आणि उरलेली प्रकाशाच्या रूपाने परत देतो. ऊर्जा कमी म्हणजे तरंगलांबी जास्त. आपल्या उपयोगाची गोष्ट ही की आत जाणारा आणि बाहेर येणारा प्रकाश वेगळ्या रंगांचे असतात. मधे योग्य गाळणी धरली की टाकलेला प्रकाश अडतो आणि रंगाचा प्रकाश तेवढा पुढे येतो. काळोख मिळाला, काजवा दिसला.

हे घरी पाहता येईल. नोटा तपासायची जांभळी बॅटरी बाजारात मिळते. चिमूटभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये ढवळा, गाळ खाली बसू द्या आणि खोलीत अंधार करून वरच्या निवळीवर बॅटरीचा झोत टाका. निवळी हिरवट पिवळी चमकेल. हीच हळद पाण्यात ढवळली तर तशी चमक येत नाही. पांढऱ्या शुभ्र धुतलेल्या सदऱ्यावर झोत टाका. तो निळसर उजळेल, कारण कपड्यांना शुभ्रता आणणाऱ्या टिनोपालसारख्या पदार्थांतही हाच गुण असतो. मात्र बॅटरीचा झोत स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि स्पिरिट ज्वालेपासून लांब ठेवा.

फिनॉल्फ्थॅलीनचा भाऊ

कोणता रेणू चमकतो आणि कोणता नाही, याचे उत्तर तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतच आहे. फिनॉल्फ्थॅलीन तुम्ही वापरलेले असेल; आम्लात रंगहीन, आम्लारीत गुलाबी. १८७१ साली आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने थॅलिक अनहायड्राइड आणि फिनॉल यांच्यापासून ते तयार केले. थॅलिक अनहायड्राइड हे त्या काळी नॅफ्थॅलीनपासून, म्हणजे कपाटात ठेवतो त्या डांबराच्या गोळ्यांच्या पदार्थापासून बनवीत. त्याच वर्षी बायरने फिनॉलऐवजी रिसॉर्सिनॉल घेऊन पाहिले आणि त्याला फ्लुओरेसीन मिळाले. फ्लुओरेसीनचे आम्लारीयुक्त पाणी निळ्या प्रकाशात इतके झगझगीत हिरवे दिसते की पहिल्यांदा पाहणाऱ्याला आत दिवा लावला आहे असे वाटावे.

आता दोघांची सूत्रे पाहा. फिनॉल्फ्थॅलीनचे सूत्र, वीस कार्बन, चौदा हायड्रोजन, चार ऑक्सिजन. फ्लुओरेसीनचे, वीस कार्बन, बारा हायड्रोजन, पाच ऑक्सिजन. एक ऑक्सिजन जास्त आणि दोन हायड्रोजन कमी, एवढाच काय तो फरक. मग एक भाऊ चमकतो आणि दुसरा नुसता गुलाबी होऊन बसतो, हे कसे?

सगळी किमया त्या एका जादा ऑक्सिजनची आहे. दोन्ही रेणूंत कार्बनची कडी शेजारी शेजारी असतात. फिनॉल्फ्थॅलीनमध्ये ही कडी मोकळी आहेत, ती आपापल्या बंधाभोवती वळवळू शकतात. फ्लुओरेसीनमध्ये तो ऑक्सिजन दोन कड्यांमध्ये पुलासारखा बसतो आणि त्यांना एका पातळीत जखडून टाकतो. खिळखिळ्या बाजेवर उडी मारली तर उडीचा जोर बाजेच्या कुरकुरण्यातच जिरतो. घट्ट आवळलेली बाज तुम्हांला परत वर फेकते. फिनॉल्फ्थॅलीनला मिळालेली ऊर्जा वळवळण्यात जिरते. फ्लुओरेसीनला ती जिरवायला जागाच नाही, म्हणून चार-पाच नॅनोसेकंदांत तो ती प्रकाशाच्या रूपाने टाकून देतो. चमकणारा रंग घडवायचा तर त्याचा सांगाडा ताठ ठेवा, हा या धंद्याचा पहिला नियम येथून आला.

दुसरा नियम छटा बदलण्याचा. फ्लुओरेसीनच्या दोन टोकांना ऑक्सिजन आहेत. त्यांच्या जागी नायट्रोजन आणून बसवले की रोडामाइन नावाचे रंग होतात. हे १८८७ सालचे. फ्लुओरेसीन हिरवा चमकतो, रोडामाइन नारिंगी ते लाल. झगझगीत राणी रंगाचे कागद आणि अगरबत्तीच्या काड्या तुम्ही पाहिल्या असतील. रोडामाइन बी हा तशा कामाचा रंग. (खाण्याच्या पदार्थांत तो घालायला आपल्याकडे मनाई आहे, तरी कोणी कोणी घालतात. बुढ्ढी के बालमध्ये तो सापडल्यामुळे २०२४ साली तामिळनाडूने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली होती.) सांगाड्यावर क्लोरिन किंवा मेथॉक्सी गट चढवला की छटा आणखी थोडी सरकते. हार्मोनियमची पट्टी बदलावी, तसे हे काम आहे.

ही रंगांची विद्या आपल्याकडे परकी नाही. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली सुरू झाला, तो कापडगिरण्यांच्या या शहराला कापडाचे आणि रंगांचे रसायनशास्त्र जाणणारी माणसे हवी होती म्हणूनही. माटुंग्याची आजची रसायन तंत्रज्ञान संस्था ती हीच. तेथे शिकवणारे प्राध्यापक के. वेंकटरामन यांनी कृत्रिम रंगांवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ साली निघाले आणि जगभरच्या रंगरसायनज्ञांच्या टेबलावर जाऊन बसले. पुढे १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्या वेळी हे सारे कापडासाठी चालले होते.

चार बाटल्यांऐवजी एक

डीएनए वाचण्याची युक्ती १९७७ साली इंग्लंडमधल्या फ्रेडरिक सँगर यांनी काढली. त्यासाठी १९८० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते त्यांचे दुसरे. ही युक्ती नीट समजून घ्या, कारण रंगाचे काम तिच्यातच आहे.

डीएनएची नक्कल करणारे विकर एकेक अक्षर जोडत जाते, रेल्वेला एकामागून एक डबा जोडावा तसे. सँगर यांनी चार अक्षरांच्या साध्या डब्यांत थोडे असे डबे मिसळले, ज्यांना मागचे कपलिंग नाही. असा डबा लागला की गाडी तेथेच संपते. समजा, नक्कल ‘ए टी जी सी सी ए टी जी’ अशी व्हायची आहे. कपलिंग नसलेला ‘ए’ मिसळला तर काही गाड्या पहिल्या डब्यावर थांबतील आणि काही सहाव्यावर. ‘टी’ मिसळला तर दुसऱ्यावर आणि सातव्यावर. ‘जी’ मिसळला तर तिसऱ्यावर आणि आठव्यावर. ‘सी’ मिसळला तर चौथ्यावर आणि पाचव्यावर. मग या गाड्या जेलच्या पातळ थरातून विजेच्या जोराने पळवायच्या. आखूड गाडी पुढे जाते, लांब मागे राहते. लांबीप्रमाणे रांग लागली की कोणत्या लांबीला कोणते अक्षर, ते वाचायचे. झाले!

सँगर यांच्या पद्धतीत गाड्यांना खूण म्हणून किरणोत्सर्गी फॉस्फरस लावीत आणि क्ष-किरणांच्या फिल्मवर पट्टे उमटवीत. पण सगळे पट्टे काळेच. काळ्या पट्ट्यावरून अक्षर कसे कळणार? म्हणून चार अक्षरांसाठी चार वेगळ्या बाटल्या, जेलवर चार वेगळे रस्ते. चारही रस्ते सारख्या वेगाने चालले तर ठीक. एखादा जरा तिरका झाला की कोणता पट्टा आधी आणि कोणता नंतर, यावर डोळे फुटेपर्यंत वाद. शिवाय फॉस्फरसची ताकद दर चौदा दिवसांनी निम्मी होणार, आणि तो हाताळायचा धोका वेगळाच.

१९८६ साली कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत लिरॉय हूड यांच्या प्रयोगशाळेतील लॉइड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार अक्षरांना चार चमकणारे रंग दिले. फ्लुओरेसीन त्यांत होताच. त्याच्या जोडीला रोडामाइनच्या घराण्यातले दोन आणि एनबीडी नावाचा एक. आता चारही बाटल्या एकत्र ओतल्या तरी चालत होते. एकच रस्ता, शेवटाशी लेसरचा एक झोत. गाड्या एकेक करून झोतासमोरून जातात आणि जाताना आपला रंग दाखवतात. पुढच्याच वर्षी, १९८७ साली, असे यंत्र बाजारात आले. माणसाच्या तीन अब्ज अक्षरांचा मजकूर वाचण्याचा जो प्रकल्प १९९० ते २००३ या काळात झाला, तो मुख्यतः या रंगांच्या जोरावर.

एक मागणी दुसरीच्या आड

वाचताना हे सोपे वाटते. चार रंग घ्या, लावा, पाहा. पण रंगारी येथेच अडकतो.

पहिली अडचण जोडणीची. फ्लुओरेसीन डीएनएला आपणहून घट्ट चिकटत नाही. म्हणून त्याच्या एका कड्यावर एक जादा कार्बोक्सिल गट बसवतात; व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक आम्लात असतो तोच. हा झाला आकडा. डीएनएच्या टोकाला अमिनो गट ठेवायचा, ही झाली कडी. दोघांत अमाइड बंध पडला की सांधा पक्का. आकडा रंगाच्या बाजूच्या कड्यावर असल्यामुळे ताठ सांगाड्याला, म्हणजे चमकण्याला, धक्का लागत नाही.

दुसरी अडचण लेसरची. अर्गॉन वायूचा लेसर ४८८ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश देतो. फ्लुओरेसीनला तो अगदी मानवतो, कारण त्याची भूकच ४९० च्या आसपासची आहे. पण लाल चमकणाऱ्या रोडामाइनला ५८० च्या आसपासचा प्रकाश लागतो. निळा प्रकाश त्याच्या पोटात फारसा जातच नाही, आणि खाल्ले नाही तर चमकणार काय? रंग एकमेकांपासून दूर ठेवावेत तर एका लेसरला ते सगळे पेटवता येत नाहीत. जवळ ठेवावेत तर ओळखता येत नाहीत.

तिसरी अडचण वेगाची. रंगाच्या रेणूला स्वतःचे वजन आहे, विद्युत्भार आहे. चार गाड्यांना चार वेगळ्या वजनांची निशाणे लावली तर शर्यतीत त्यांचा वेग बदलतो. तीनशे अक्षरांची गाडी तीनशे एक अक्षरांच्या गाडीच्या मागे पडू शकते. म्हणजे अक्षरे बरोबर पण क्रम चुकीचा! १९८७ साली ड्यूपाँ कंपनीच्या शास्त्रज्ञांनी यावर मोठी हुशारीची तोड काढली. त्यांनी चारही रंग एकाच सांगाड्याचे घेतले. इकडेतिकडे एखादा लहानसा गट, एवढाच फरक. निशाणे जवळजवळ सारख्या वजनाची झाली आणि एकाच लेसरने सगळी पेटली. पण त्यांच्या प्रकाशाची शिखरे आली ५०५, ५१२, ५१९ आणि ५२६ नॅनोमीटरवर. सात-सात नॅनोमीटरचे अंतर! डोळ्याला चारही हिरवेच. दोन अडचणी सुटल्या आणि तिसरी दुप्पट होऊन बसली. माझ्या मते या विषयातला सगळा धडा या एका उदाहरणात आहे: येथे ‘सर्वांत चांगला रंग’ असे काही नसते, चौघांचा मेळ जमतो की नाही एवढेच असते.

याच लोकांनी आणखी एक केले. रंग गाडीच्या इंजिनाला न लावता त्या कपलिंग नसलेल्या शेवटच्या डब्यालाच लावला. त्यामुळे ज्या गाड्या विकराच्या चुकीने मधेच कुठेतरी थांबल्या, त्यांना रंगच नाही. त्या दिसतच नाहीत. फार स्वच्छ वाचन मिळाले. मात्र आता विकराला रंगासकट डबा उचलावा लागतो, आणि विकर भलतेच चिकित्सक असते. रंग अक्षराच्या ज्या बाजूने जोडी जमते त्या बाजूला लावला तर अक्षर ओळखूच येत नाही. म्हणून तो विरुद्ध बाजूला, एका लांबट ताठ दांडीच्या टोकाला लावतात. एवढे करूनही विकर कुरकुरत होते. शेवटी १९९५ साली स्टॅन्ली टेबर आणि चार्ल्स रिचर्डसन यांनी विकरातलेच एक अमिनो आम्ल बदलून त्याला असे डबे स्वीकारायला लावले.

प्रकाश मिसळला तर?

रंगांचे प्रकाश एकमेकांत मिसळतात, हे टाळता येत नाही. हिरव्याचा थोडा प्रकाश पिवळ्याच्या गाळणीतून येतोच. मग अक्षर कसे ठरवतात? तुम्ही दहावीत जे शिकता, त्यानेच.

सोयीसाठी दोनच रंग घेऊ, क आणि ख. समजा, क चा ८० टक्के प्रकाश पहिल्या गाळणीतून येतो आणि २० टक्के दुसरीतून. ख चा ३० टक्के पहिलीतून आणि ७० टक्के दुसरीतून. एका क्षणी पहिल्या गाळणीमागे ३८ आणि दुसरीमागे २२ इतका प्रकाश मोजला गेला. तर,

०.८ क + ०.३ ख = ३८
०.२ क + ०.७ ख = २२

ही दोन चलांतली रेषीय समीकरणे सोडवा. क = ४०, ख = २० येईल. म्हणजे पहिल्या गाळणीतल्या ३८ पैकी ६ भाग ख चे होते. खऱ्या यंत्रात चार रंग, चार गाळण्या आणि चार समीकरणे असतात, आणि संगणक ती प्रत्येक क्षणी सोडवत राहतो. शिक्षकांनी फळ्यावर एक गंमत करून पाहावी. क चे प्रमाण ५५ आणि ४५, ख चे ४५ आणि ५५ असे घ्यावे, आणि मोजमापात एका अंकाची चूक झाली तर उत्तर किती हलते ते पाहावे. पहिल्या जोडीत ३८ च्या जागी ३९ आले तर क जेमतेम दीडने हलतो. रंग इतके सारखे झाले की तीच एका अंकाची चूक त्याला साडेपाचने हलवते. रंग दूर का हवेत, ते मुलांना लगेच पटेल.

लेसरच्या अडचणीवर उपाय निघाला तो १९९५ साली. कॅलिफोर्नियातल्या बर्कले येथे जिंगयुए जू, रिचर्ड मॅथीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गाडीला एक नव्हे, दोन रंग लावले. पहिला फ्लुओरेसीनच्या घराण्यातला. तो निळा प्रकाश खातो, पण स्वतः न चमकता ऊर्जा शेजारच्या दुसऱ्या रंगाला देऊन टाकतो, आणि चमकतो तो दुसरा. चारही गाड्यांना खाणारा एकच, चमकणारे चार वेगळे! एका लेसरने सगळे पेटले आणि तरीही एकमेकांपासून दूर राहिले. असे ऊर्जेचे हस्तांतर कसे होते, याचे गणित थिओडोर फर्स्टर यांनी १९४८ सालीच मांडले होते. दोन रंगांतले अंतर दुप्पट झाले की हस्तांतराचा वेग चौसष्टावा हिस्सा होतो. म्हणून दोघांतली दांडी किती लांब ठेवायची, हेही रंग घडवण्याचाच भाग झाले. १९९७ नंतर या धर्तीवरचे रंग सर्वत्र पसरले.

लावा, पाहा, काढून टाका

विषाणूंचे शेकडो नमुने झटपट वाचायचे तर एकेक गाडी पळवणे परवडत नाही. नव्या पद्धतीत धावपळच नाही. काचेवर डीएनएचे कोट्यवधी लहान पुंजके चिकटवतात आणि सगळ्यांवर एकदमच एकेक अक्षर चढवतात. ही पद्धत केंब्रिजचे शंकर बालसुब्रमणियन आणि डेव्हिड क्लेनरमन यांची. बालसुब्रमणियन यांचा जन्म चेन्नईचा.

येथे डब्याचे कपलिंग कायमचे काढलेले नसते, त्यावर टोपण बसवलेले असते. अक्षर चढले की गाडी थांबते. फोटो काढायचा. मग एका रसायनाने टोपण आणि रंग, दोन्ही तोडून टाकायचे आणि पुढचे अक्षर चढवायचे. कापडाच्या रंगाऱ्याला हे ऐकून हसू येईल. तो आयुष्यभर रंग उतरू नये म्हणून झटतो. येथे रंग फोटोपर्यंत पक्का आणि फोटोनंतर ताबडतोब सुटणारा हवा. शंभरातल्या एका धाग्यावरून जरी रंग सुटला नाही तरी तो पुढच्या फोटोत जुनाच रंग दाखवतो, आणि पन्नास-साठ अक्षरांनंतर पुंजक्यात नुसती गर्दी होते.

या पद्धतीच्या काही यंत्रांत चार अक्षरांना दोनच रंग पुरतात. ‘टी’ हिरवा, ‘सी’ लाल, ‘ए’ दोन्ही रंगांत दिसतो, आणि ‘जी’ ला रंगच नाही. ‘जी’ म्हणजे अंधार! आता तो २२,९१७ वा ठिपका आठवा. अशा यंत्रावर जुन्या विषाणूच्या नमुन्यात तेथे हिरवा उजेड दिसेल, आणि बदललेल्या विषाणूत काहीच दिसणार नाही. २३,६०४ व्या जागी लाल जाऊन अंधार येईल.

पण अंधाराची एक खोड आहे. ‘जी’ आहे म्हणून अंधार, की धागाच तुटला म्हणून अंधार, हे नुसत्या फोटोवरून कळत नाही. संपलेल्या धाग्याला यंत्र ‘जी जी जी जी’ असे वाचत सुटते. म्हणून लांबलचक ‘जी’ची रांग दिसली की संगणक ती आधी छाटून टाकतो. शिवाय एकाच जागेचे वाचन अनेक पुंजक्यांवरून करतात, आणि डीएनएच्या समोरच्या धाग्यावरूनही करतात. समोरच्या धाग्यावर ‘टी’च्या जागी ‘ए’ असतो आणि ‘जी’च्या जागी ‘सी’. म्हणजे त्या बाजूने पाहिले तर बदल दोन्ही रंगांतून नुसत्या लालकडे झालेला दिसेल, आणि लाल हा अंधार नव्हे. दोन्ही बाजूंची साक्ष जुळली की अक्षर पक्के.

याच्याही पुढे जाऊन एकाच रंगाने चारही अक्षरे वाचणारे यंत्र निघाले आहे. त्यात प्रत्येक अक्षराचे दोन फोटो काढतात, आणि दोन फोटोंच्या मधे एक रसायन सोडतात. ‘ए’ला पहिल्या फोटोत रंग असतो, मग तो तुटतो. ‘सी’ला आधी रंग नसतो, मागाहून चिकटतो. ‘टी’चा रंग दोन्ही फोटोंत राहतो. ‘जी’चे काय होत असेल, ते तुम्हीच सांगा.